बर्फ न पडणाऱ्या मुलखात साचलेली धूळ मोजताना

धुराड्यातून बाहेर पडलेली धूळ, काजळी आणि गंधकाची संयुगे किती व कोठे जाऊन पडतात हे जाणण्याची एक साधी रीत थंड देशांत गेली अनेक दशके वापरली जाते. सायबेरियासारख्या प्रदेशात एकदा बर्फ बसला की तो वसंतापर्यंत हलत नाही आणि त्या काही महिन्यांत हवेतून जे जे खाली येते ते त्याच्या थरांत अडकून राहते. हिवाळा सरताना, बर्फ वितळू लागण्यापूर्वी, ठरावीक व्यासाची नळी उभी खुपसून बर्फाचा दंडगोल काढतात, माती मिसळू नये म्हणून तळाचा काही सेंटीमीटरचा भाग टाकून देतात, उरलेला बर्फ खोलीच्या तापमानाला वितळवून गाळतात आणि गाळणकागदावर राहिलेला गाळ व खाली उतरलेले पाणी यांची वेगवेगळी तपासणी करतात. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ आणि बर्फ बसल्यापासूनचे दिवस ठाऊक असल्याने दर चौरस मीटरवर दर दिवशी किती मिलिग्रॅम धूळ पडली याचे उत्तर साध्या भागाकाराने मिळते. रशियन अभ्यासकांच्या वर्गवारीत हा आकडा २५० च्या आत असला तर प्रदूषण कमी आणि ८५० च्या वर गेला तर फार जास्त समजतात.

याच तत्त्वाचा सर्वांत गाजलेला उपयोग ग्रीनलँडमध्ये झाला. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तेथील बर्फाच्या जुन्या-नव्या थरांतील शिसे मोजून प्रसिद्ध केले. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारापासून १९६५ पर्यंत ते दोनशेपटींहून अधिक वाढले होते आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची होती. पेट्रोलमधील शिशाविरुद्ध बोलणाऱ्यांना त्यामुळे हाती धरता येईल असा पुरावा मिळाला. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे होण्यास २००० साल उजाडावे लागले.

मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, आणि पदव्युत्तर वर्गाला हा भाग शिकवताना दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो : सर, आपल्याकडे बर्फ कुठे आहे? प्रश्न रास्त आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या तापीच्या खोऱ्यात गारा सोडल्या तर आकाशातून गोठलेले काही पडत नाही. मात्र एका वर्षी हा प्रश्न वर्गापुरता राहिला नाही. कोळशावर चालणारे अनेक छोटे बॉयलर असलेल्या एका औद्योगिक वसाहतीच्या नैर्ऋत्येस असलेल्या गावातून काही मंडळी आमच्या विभागात आली. गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांवर आणि पापडांवर काळे ठिपके पडतात, ते काय आहेत हे महाविद्यालयाने तपासून द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. हवा खेचून त्यातील बारीक कण मोजणारी यंत्रे आमच्याकडे नव्हती. विश्लेषक तराजू, भट्टी, स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लेम फोटोमीटर आणि सूक्ष्मदर्शक एवढाच आमचा संच होता. आपण साचलेलेच मोजू, असे आम्ही ठरवले.

येथे एक मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे, आणि ती आम्ही त्या मंडळींनाही सांगितली होती. वजनाने खाली बसते ती जाड धूळ. फुप्फुसात खोलवर शिरणारे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण सहजी खाली बसत नाहीत, आणि गंधकाचा वायू तर धुराड्यापासून बराच दूर गेल्यावर हळूहळू सल्फेटमध्ये बदलतो. देशातील हवेच्या गुणवत्तेची २००९ ची मानके बारा प्रदूषकांसाठी आहेत आणि खाली पडणारी धूळ त्यांत धरलेली नाही. त्यामुळे आमच्या आकड्यांवरून हवा श्वास घेण्यास योग्य की अयोग्य हे ठरणार नव्हते. काय पडते, किती पडते आणि कोणत्या दिशेला जास्त पडते, एवढेच कळणार होते.

धूळ गोळा करण्याची भारतीय मानक पद्धत सोपी आहे. रुंद तोंडाचे उभे भांडे मोकळ्या जागी, जमिनीपासून पुरेशा उंचीवर, महिनाभर ठेवायचे. आत थोडे डिस्टिल्ड वॉटर घालायचे म्हणजे पडलेली धूळ वाऱ्याने पुन्हा उडत नाही. आणि कडेवर पक्षी बसू नयेत म्हणून भोवती तारेचे कडे बसवायचे. आमच्या भांड्यांच्या तोंडाचा व्यास १५ सेंटीमीटर होता. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटीमीटर, आणि भांड्यात सापडलेला प्रत्येक मिलिग्रॅम म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५७ मिलिग्रॅम. तोलताना एका मिलिग्रॅमची चूक झाली तर पुढे ती किती फुगते हे विद्यार्थ्यांना समजावे म्हणून हा हिशेब आम्ही प्रयोगशाळेच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवला होता.

पहिली अडचण मानक पद्धतीतूनच निघाली. पाण्यात शेवाळ वाढू नये म्हणून भांड्यात चिमूटभर मोरचूद घालण्याचा प्रघात आहे. ज्याला फक्त धुळीचे वजन हवे त्याला त्याने काही बाधत नाही, पण आम्हाला सल्फेट मोजायचे होते आणि मोरचूद हेच मुळी तांब्याचे सल्फेट. म्हणून आम्ही पावसाच्या नमुन्यांत वापरतात ते थायमॉल घेतले, ज्याला आपल्याकडे ओव्याची फुले म्हणतात, आणि भांड्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळून उजेड अडवला. शेवाळ आले नाही. ओव्याचा वास मात्र महिनाभर विभागात दरवळत राहिला.

भांडी ठेवण्याच्या जागा निवडताना आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असे मला आजही वाटते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या पूर्व-पश्चिम पट्ट्यात थंडीच्या दिवसांत वारा बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून येतो आणि उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत पश्चिमेकडून. त्यामुळे तक्रार करणारे गाव हिवाळ्यात वसाहतीच्या वाऱ्याखाली येते आणि उन्हाळ्यात तेच गाव वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाते. एक भांडे गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गच्चीवर, एक वसाहतीच्या कडेला, आणि तुलनेसाठी काही भांडी वसाहतीपासून दूर अशा गावांत ठेवली. तुलनेची जागा सातपुड्याच्या पायथ्याशी, रानालगत घ्यावी असा एका विद्यार्थिनीचा आग्रह होता, कारण तेथे हवा स्वच्छ असणार. तिला मी एवढेच सांगितले की हवा स्वच्छ असेल, पण माती वेगळी असेल, आणि आपल्या भांड्यात सर्वांत जास्त वाटा मातीचाच पडणार आहे. शेवटी तुलनेची गावे तशीच काळी कपाशीची जमीन असलेली घेतली. या निर्णयाचे मोल पुढे पदोपदी जाणवले.

भांड्यांवर लक्ष ठेवण्याचे काम शाळांनी आपुलकीने केले. कधी कधी जरा जास्तच आपुलकीने. एका गावच्या शाळेतील शिपाईमामांनी पाहुणे येणार म्हणून गच्ची झाडली आणि मळलेले भांडेही घासून लख्ख करून ठेवले. त्या महिन्याचा तेथील नमुना अर्थातच गेला. मामांना मी समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “सर, घाण साठवायची असते हे कोणी सांगितलंच नव्हतं.” पुढच्या वेळेपासून प्रत्येक भांड्यावर मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी लावली.

एप्रिल-मे मध्ये बाष्पीभवन एवढे असते की भांड्यातील पाणी दिवसाला सेंटीमीटरभर सहज उतरते, म्हणून मोजून भर घालावी लागते आणि घातलेल्या पाण्याचीही नोंद ठेवावी लागते. त्याखेरीज एक कोरे भांडे, झाकण लावून, तितकेच पाणी आणि थायमॉल घालून, प्रयोगशाळेतच ठेवले होते. त्यात जे निघेल ते आमच्याच काचसामानाचे आणि रसायनांचे, म्हणून ते प्रत्येक निकालातून वजा करायचे.

भांडी थोडी आणि जागा पुष्कळ, त्यामुळे दुसरे काही साधन हवे होते. बर्फाचा एक मोठा गुण असा की त्याचा थर किती जुना हे सांगता येते. खान्देशात तसे काय आहे याचा विचार करताना केळीचे पान समोर आले. वाढीच्या काळात केळीला साधारण सात ते दहा दिवसांनी एक नवे पान येते, थंडीत त्याहून सावकाश, आणि सुरळी उलगडते त्या दिवशी त्या पानाचा वरचा पृष्ठभाग कोराकरकरीत असतो. उलगडण्याच्या दिवशी देठाला रंगीत सुतळी बांधून तारीख नोंदली की पुढे ते पान किती दिवस उघड्यावर होते हे पक्के ठरते. शिवाय येथील बहुतेक बागा ठिबकवर आहेत, त्यामुळे सिंचनाचे पाणी पानावर पडून धूळ धुऊन नेत नाही. आम्ही कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी, टाळली आणि मृगबागेतील, म्हणजे जूनच्या सुमारास लावलेली व हिवाळ्यात पूर्ण वाढलेली झाडे घेतली. वरून तिसरे उलगडलेले पान, त्याचा मधली शीर आणि कड यांच्या मधला भाग, त्यावर २० सेंटीमीटर बाजूची चौकट, आणि चौकटीतील धूळ मऊ ब्रशने डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुऊन घेणे, अशी रीत बसवली. शीर टाळून असा भाग यासाठी की थंडीत पडणाऱ्या दवाने कडेची धूळ ओघळून मधल्या शिरेच्या पन्हाळीत उतरते, आणि तेथून नमुना घेतला तर आकडा विनाकारण मोठा येतो. पानाची खालची बाजू मेणाच्या पांढुरक्या भुकटीने भरलेली असते, म्हणून ती घेतलीच नाही. वर पडलेली सगळी धूळ पान धरून ठेवत नाही. त्यामुळे पानाचा आकडा भांड्याच्या आकड्याशी ताडून पाहायचा नाही, पानाची तुलना पानाशीच करायची, एवढे पथ्य पाळले.

केळीच्या पानांनी आम्हाला एक चांगलाच गुंगारा दिला. पानांवरची धूळ नायट्रिक आम्लात उकळून बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडे धातूंच्या तपासणीसाठी पाठवली, तेव्हा जस्ताचे प्रमाण वसाहतीजवळच्या काही बागांपेक्षा दूरच्या एका बागेत जास्त आले. विद्यार्थ्यांनी लगेच नकाशावर आसपासचे कारखाने शोधायला सुरुवात केली. मला मात्र त्याच तक्त्यातील मँगनीजचा स्तंभ खटकत होता, कारण जेथे जस्त वाढले होते तेथे मँगनीज त्याहून कितीतरी अधिक वाढले होते. करपा आवरण्यासाठी केळीवर मॅन्कोझेबची फवारणी होते आणि त्या बुरशीनाशकात वजनाने सुमारे २० टक्के मँगनीज आणि अडीच टक्के जस्त असते. म्हणजे एका भागाला आठ भाग. त्या बागेतील जास्तीच्या दोन्ही धातूंचे गुणोत्तर काढले तर ते या आठाच्या जवळपासच येत होते. बागेच्या मालकांकडे फवारणीची वही होतीच. नमुना घेण्याच्या आधीच्या आठवड्यात फवारणी झालेली होती. त्यानंतर पाने घेण्यापूर्वी वही पाहणे सक्तीचे केले आणि जस्त व मँगनीज हे दोन्ही धातू पानांच्या निकालांतून काढून टाकले, केवळ भांड्यांसाठी ठेवले. ग्रीनलँडच्या बर्फावर कोणी फवारणी करत नाही. येथे हवेतून पडलेल्या आणि माणसाने टाकलेल्या पदार्थांत फरक करणे हेच निम्मे काम असते.

प्रयोगशाळेतील काम तसे नेहमीचेच. पाने, किडे, मुंगळे जाळीने काढून टाकायचे, पाणी गाळायचे, गाळ १०५ अंशांना वाळवून तोलायचा, मग तोच गाळ भट्टीत जाळून पुन्हा तोलायचा. जळून गेलेला भाग म्हणजे काजळी, न जळलेला कोळसा, परागकण आणि इतर सेंद्रिय पदार्थ. उरलेला भाग माती आणि राख. गाळलेल्या पाण्यात सल्फेट, कॅल्शियम, क्लोराइड, पोटॅशियम आणि आम्लता मोजायची.

सूक्ष्मदर्शकाखालचे काम मात्र विद्यार्थ्यांना सर्वांत आवडले आणि त्यातून कळलेही पुष्कळ. मातीचे कण ओबडधोबड, कोनदार असतात. मोठ्या भट्टीत भुकटी करून जाळलेल्या कोळशाची राख काचेसारख्या गोल मण्यांची असते, तर जाळीवर कोळसा जाळणाऱ्या छोट्या बॉयलरांतून असे गोल मणी फारसे निघत नाहीत, तेथून सच्छिद्र काळे तुकडे निघतात. गावातील शाळेच्या भांड्यात हे काळे तुकडे होते, आणि घराघरांतून आणलेल्या बिबड्यांवरचे ठिपके टोकदार सुईने काढून पाहिले तर तेही तसेच होते. गोल मणी सापडले ते दूरच्या एका तुलनेच्या गावात, जेथे धुराडेच नव्हते. त्या गावाजवळून राखेच्या विटा करणाऱ्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक रोज जातात आणि ताडपत्री नीट बांधलेली नसली की राख रस्ताभर सांडते, हे तेथील ग्रामस्थांनी सांगितल्यावर उलगडा झाला. हिवाळ्याच्या सर्व भांड्यांत पांढरे तंतूही होते. ते जिनिंगमधून उडालेल्या सरकी-कपाशीचे, खान्देशातील प्रत्येक माणूस न पाहता ओळखेल असे. चुंबक फिरवून लोखंडी कण वेगळे काढण्याचा प्रयोग मात्र आम्ही लवकरच सोडला, कारण आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली आहे आणि तिच्यातच चुंबकाला चिकटणारी खनिजे भरपूर आहेत. तांबे आणि लोह यांचेही तसेच. जगाच्या सरासरी मातीशी तुलना केली असती तर खान्देशातील प्रत्येक शेत प्रदूषित ठरले असते. म्हणून प्रत्येक भांड्याजवळच्या शेतातील माती घेऊन तिच्यातील धातूंचे लोहाशी असलेले प्रमाण काढले आणि धुळीतील प्रमाण त्याच्याशी ताडून पाहिले.

आम्लतेने आमची पुन्हा परीक्षा घेतली. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे निर्मळ पावसाचा पीएचही ५.६ च्या आसपास असतो आणि गंधक-नत्राच्या आम्लांमुळे तो आणखी खाली येतो, हे पाठ्यपुस्तकात असते. जूनमधील पहिल्या पावसाचे पाणी नरसाळ्यातून थोडे थोडे वेगवेगळ्या बाटल्यांत घेतले, तेव्हा अगदी वसाहतीच्या कडेलाही पीएच सातच्या वर होता. एक विद्यार्थी आनंदाने म्हणाला की येथे आम्ल नाहीच. आम्ल होते, पण उघडे राहिलेले नव्हते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात, त्यांची धूळ उन्हाळाभर हवेत असते आणि ती आम्लाला तेथेच निष्प्रभ करते. पाण्यातील सल्फेट मात्र त्याने नाहीसे होत नाही. पहिल्या बाटलीत ते सर्वाधिक होते आणि पुढच्या बाटल्यांत झपाट्याने उतरत गेले. नुसता पीएच मोजून पावसाला निर्दोष ठरवणे आपल्या भागात तरी धोक्याचे आहे, असे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे मीठही पाण्यात असते; समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या सुमारे पाव पट सल्फेट असते, तेवढे वजा करून मगच उरलेले जमिनीवरचे धरायचे.

सर्व आकडे मांडल्यावर जे दिसले ते ऋतूंप्रमाणे अगदी वेगळे होते. एप्रिल आणि मे मधील धूळ सर्व ठिकाणी प्रचंड होती, वसाहतीजवळ आणि दूर यांत फरक जवळजवळ नव्हता, आणि तिच्यातील जळणारा भाग थोडा होता. वावटळींनी आणि नांगरलेल्या शेतांनी सगळे झाकून टाकले होते. रशियन वर्गवारी या दोन महिन्यांना लावली असती तर धुराडे नसलेली गावेही वरच्या वर्गात बसली असती, म्हणून ती आम्ही लावली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पऱ्हाट्या जाळल्या जातात, तेव्हा पोटॅशियम सर्वत्र वर गेले आणि त्या महिन्यातील काजळी कोणाची हे सांगणे अवघड झाले. पावसाळ्यात तर भांड्यांत पाणीच पाणी. स्पष्ट बोलले ते डिसेंबर आणि जानेवारी. शेते पिकाखाली किंवा ओलिताखाली असतात, वारा मंद असतो, सकाळी थंड हवा खोऱ्यात तळाशी बसते आणि धूर वर जात नाही. या दोन महिन्यांत गावातील भांड्यात एकूण धूळ उन्हाळ्याच्या मानाने कमी होती, पण तिच्यातील जळणारा भाग तुलनेच्या गावांच्या दुपटीहून अधिक होता, कॅल्शियमच्या मानाने सल्फेटही जास्त होते, आणि पोटॅशियम मात्र इतर ठिकाणांइतकेच, म्हणजे पालापाचोळा किंवा पऱ्हाट्या जाळल्याचे लक्षण नव्हते. केळीच्या पानांवरील काळ्या तुकड्यांची संख्याही वसाहतीपासून नैर्ऋत्येकडे जाताना पायरीपायरीने उतरत होती.

हे सर्व ग्रामसभेत सांगताना मी उन्हाळ्याचे आकडे बाजूला ठेवले, त्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हरकत घेतली. मोठे आकडे लपवता का, असे त्यांनी विचारले. त्यांना मी सांगितले, “काका, ते मोठे आकडे तुमच्या-माझ्या शेताचे आहेत, ते पुढे केले तर समोरचा माणूस पहिल्या मिनिटात आपला अहवाल बाजूला ठेवेल.” त्यांना ते पटले असावे, कारण पुढे त्यांनीच थंडीतले दोन महिनेच मोजावेत असा ठराव मांडला. सरपंचताईंनी विचारलेला प्रश्न अधिक नेमका होता : हे काळे तुकडे कोणत्या धुराड्याचे? त्याचे उत्तर आमच्या पद्धतीत नाही. वसाहतीत कोळसा जाळणारी ठिकाणे बरीच आहेत आणि त्यांचा कोळसा साधारण एकाच प्रकारचा असतो. साचलेल्या धुळीवरून दिशा आणि जळणाचा प्रकार कळतो, मालक कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष धुराड्याला छिद्र पाडून, वायूच्या वेगाइतक्याच वेगाने नमुना ओढून तपासणी करावी लागते आणि तो अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे. ग्रामपंचायतीने तशी मागणी करणारे पत्र दिले. त्याला आम्ही डिसेंबर-जानेवारीचे तक्ते, वाऱ्याच्या नोंदी, तुलनेच्या गावांच्या मातीचे निकाल आणि सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे जोडली. फवारणीच्या वह्यांच्या प्रतीही जोडाव्यात अशी सूचना तुलनेची जागा रानालगत घ्या म्हणणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने केली, आणि त्या जोडल्या.